बॉटसाठी प्रॉक्सी: एचटीटीपी की सॉक्स ५?

प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनात प्रॉक्सी (आपल्या विनंत्या पुढे नेणारा मधला सर्व्हर) लावायला सर्व्हर, युजरनेम, पासवर्ड एवढं पुरतं. सर्व्हरच्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी लिहायचं की सॉक्स ५, तिथे खरा घोळ होतो.

बॉट फक्त वेबसाइट उघडणार असेल, तर माझं मत सरळ एचटीटीपी प्रॉक्सीला. एचटीटीपीएस साइटसाठी ती ‘कनेक्ट’ नावाची विनंती घेऊन बोगदा, म्हणजे साइटपर्यंतची थेट वाट, उघडते. मधल्या सर्व्हरला साइटचं नाव आणि पोर्ट कळतो, आतला मजकूर नाही. पासवर्डही विनातक्रार चालतो.

सॉक्स ५ हे १९९६ चं मानक, आरएफसी १९२८. ते फक्त वेबचीच नाही, तर कुठलीही टीसीपी (इंटरनेटवरची नेहमीची) जोडणी पुढे नेतं, म्हणून मेल सर्व्हरशी किंवा डेटाबेसशी बोलणाऱ्या बॉटला तेच हवं. पण क्रोमियम (क्रोमचा पाया असलेला ब्राउझर) सॉक्स ५ साठी युजरनेम-पासवर्ड घेत नाही! पासवर्ड अचूक असूनही ब्राउझर अडतो आणि माणूस उगाच कोड तपासत बसतो. अशा वेळी प्रॉक्सीच्या पुरवठादाराकडे आपला आयपी पत्ता नोंदवून घ्या, म्हणजे पासवर्ड लागत नाही.

पायथनच्या रिक्वेस्ट्स या वेब विनंत्या पाठवणाऱ्या लायब्ररीमध्ये मात्र सॉक्स ५ साठी पासवर्ड चालतो. त्यासाठी पायसॉक्स हे जोड-पॅकेज बसवा आणि पत्ता ‘सॉक्स५एच’ने (socks5h://) सुरू करा. त्या ‘एच’मुळे डोमेनचा आयपी प्रॉक्सीच शोधते, तो गाळलात तर ती चौकशी तुमच्याच मशीनवरून जाते.