परळचं जखमांचं क्लिनिक: लाल दिव्याच्या उपचाराचा अनुभव

बाबांचा मधुमेह जुना. पावसाळ्यात तळपायाची जखम चिघळली ती भरायचं नावच घेईना. कल्चर रिपोर्टात (जखमेतले जिवाणू वाढवून केलेली तपासणी) स्यूडोमोनास हा जिवाणू निघाला आणि बहुतेक अँटिबायोटिकांसमोर 'आर', म्हणजे रेझिस्टंट. ओळखीतून परळच्या या क्लिनिकचं नाव कळलं.

इथे दिवा आधी लावत नाहीत, हे मला सर्वांत आवडलं. सिस्टर सलाईनने जखम धुतात, मग डॉक्टर मेलेला भाग आणि वरचा चिकट थर खरवडून काढतात. मोरीच्या पाइपात बुळबुळीत थर धरतो, तसं जिवाणू जखमेत स्वतःभोवती शर्करा, प्रथिनं आणि डीएनए यांचं आवरण करतात. आतले काही जवळजवळ निपचित असतात, आणि बरीच अँटिबायोटिकं वाढत्या जिवाणूंवरच चालतात. म्हणून गोळ्या घेऊनही पू येत राहतो.

खरवडल्यावर मिथिलिन ब्लू हा निळा रंग लावून काही मिनिटं थांबतात, मग लाल एलईडी. सगळ्यांना चष्मे देतात. रंग तो प्रकाश शोषतो आणि जवळच्या ऑक्सिजनला इतका क्रियाशील करतो की जिवाणूचं पेशीपटल, प्रथिनं, डीएनए एकदमच जळतात. अनेक ठिकाणी एकाच वेळी घाव बसत असल्याने जिवाणूला याविरुद्ध रेझिस्टन्स कमावणं अवघड जातं. पण हा ऑक्सिजन क्षणभरच टिकतो. रंग पोचेल तेवढ्याच जागी काम होतं.

उपनगरातल्या एका क्लिनिकने आम्हाला 'पेप्टाइड आणि लाइट'चं महागडं पॅकेज सांगितलं होतं. कुठलं पेप्टाइड, हे विचारल्यावर उत्तर मिळालं नाही. परळच्या डॉक्टरांना तेच विचारलं. ते म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. त्यावर धन भार असतो, जिवाणूच्या पटलावर ऋण. ते पटलाला चिकटून भोक पाडतं, रंगाला आत वाट मिळते. स्यूडोमोनाससारख्या दुहेरी पटलाच्या जिवाणूंवर त्याचा जास्त उपयोग. आपल्या शरीरातही एलएल-३७ नावाचं असं पेप्टाइड तयार होतं. पण दोन्ही एकत्र वापरण्याचं काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत चाललंय. माझ्याकडे ते नाही." या उत्तराने माझा विश्वास बसला.

आधी वास गेला, मग पू कमी झाला. आता कडेने नवी लालसर त्वचा धरतेय. जखम पूर्ण भरलेली नाही. सोबत इंजेक्शनं, शुगरवर कडक लक्ष आणि पायावर भार न येणारी चप्पल होतीच, त्यामुळे सगळं श्रेय मी दिव्याला देणार नाही. दिवा आहे म्हणून खरवडणं टाळू पाहणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

तक्रार एकच, पण मोठी: क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. पायाच्या रुग्णांना हा त्रास देणं योग्य नाही. खाली एक खोली घ्यायलाच हवी. जाताना जुना कल्चर रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि एक जुना टॉवेल न्या. निळा डाग निघत नाही.