खेळण्यातल्या नाण्यांवरचे डाय-फरक आणि दीड हजारांचा यूएसबी मायक्रोस्कोप: आठ महिन्यांनंतर

खोक्यावर ठळक अक्षरांत 'एक हजार पट' असं छापलंय. तो आकडा पहिल्याच दिवशी विसरा. तो पडद्याच्या आकारावर ठरतो: लॅपटॉपवर एक, टीव्हीला जोडला की दुसरा. भिंगाची खरी पोच त्याच्या कितीतरी अलीकडे संपते, आणि आपल्या कामाला तेवढी लागतही नाही. १२ मिलिमीटरचं पितळी नाणं अख्खं पडद्यात मावेल ही एक जागा, आणि सालातला एकच आकडा पडदाभर दिसेल ही दुसरी. आठ महिने जवळपास सगळं काम या दोन जागांवरच चाललं. फोकसच्या कड्यावर या दोन्ही ठिकाणी नेलपॉलिशचा ठिपका द्या. नाहीतर दोन नाण्यांचे फोटो एका मापात येत नाहीत आणि तुलना वाया जाते.

वापर मुख्यत्वे तीन प्रकारच्या नाण्यांवर झाला. न्यूरेंबर्गच्या लाउअर घराण्याची खेळण्यातली नाणी, बर्मिंगहॅमच्या जोसेफ मूरच्या 'मॉडेल' पेन्या, आणि पत्त्यांच्या डावात मोजणीला वापरायचे पितळी 'कंबरलंड जॅक'. वडोदऱ्यात ही वेगळी अशी क्वचितच विकायला असतात. मिळालीच तर बरीचशी भोक पाडलेली किंवा कडी डाकलेली, पुतळ्यांच्या माळेत शोभतील अशी. भोक असलं म्हणून टाकून देऊ नका. किंमत पडते, पण डाय (नाणं ज्या कोरीव ठशाने छापतात तो) ओळखायला अडत नाही. उलट अशी स्वस्तातली नाणीच सरावाला बरी.

आता खरा मुद्दा: उजेड. मायक्रोस्कोपच्या तोंडाशी आठ एलईडींचं कडं आहे. पितळेवर त्यातला प्रत्येक दिवा वेगळा चमकतो, आणि उठावाच्या अक्षराला दोन-दोन चकचकीत कडा दिसतात. नवीन माणूस लगेच ओरडतो, 'डबल डाय!' (म्हणजे ठशातच अक्षर दुहेरी आहे). तो धातू नसतो, उजेड असतो. परीक्षा सोपी आहे. नाणं जागच्या जागी पाव फेरा फिरवा. दुहेरी रेघ पडद्यावर होती त्याच बाजूला राहिली तर ती दिव्याची, नाण्याबरोबर फिरली तर धातूची.

त्यामुळे एलईडी पूर्ण बंद आणि टेबललॅम्प बाजूने, टेबलापासून जेमतेम पंधरा-वीस अंश वर. लॅम्प नेहमी पडद्यातल्या चित्राच्या वरच्या डाव्या बाजूला, घड्याळात दहा वाजतात त्या दिशेला. यामागे कारण आहे. उजेड खालून आला की आपला डोळा फसतो, खोलगट भाग उठावाचा वाटतो आणि उठाव खोल. मग डायला गेलेला तडा आणि नाण्यावर पडलेला ओरखडा यांत गल्लत ठरलेलीच. तडा नाण्यावर उठावाने येतो, कारण छापताना धातू त्या फटीत शिरतो. त्याची सावली दिव्यापासून लांबच्या बाजूला पडते. ओरखडा म्हणजे चर. त्यात सावली दिव्याकडच्या काठाला. मुलामा अजून टिकलेल्या नाण्यांवर चमक फार मारते. तिथे लॅम्पसमोर बटरपेपरचा एक पदर धरा. दोन पदरांनी उठाव सपाट दिसायला लागतो.

दुसरी मोठी फसगत म्हणजे छापतानाची सरक. डाय सैल बसलेला असला की ठोका पडल्यावर तो किंचित हलतो आणि अक्षराची कड चेपून जाते. शेजारी एक सपाट, बुटकी पायरी तयार होते, आणि मूळ अक्षर तेवढंच अरुंद होतं. याला डाय-फरक म्हणत नाहीत, हा त्या एका ठोक्याचा दोष. खऱ्या दुहेरी डायमध्ये अक्षर रुंद होतं, दोन्ही प्रतिमा गोलसर असतात आणि अक्षराच्या टोकांना फट दिसते. तिसरा प्रकार पुन्हा ठोकलेल्या अक्षराचा: डाय करताना हाताने एकेक अक्षर ठोकलं, एखादं तिरकं बसलं, म्हणून परत ठोकलं. यात ते एकच अक्षर किंवा आकडा दुहेरी असतो, शेजारचे साफ असतात. अरुंद की रुंद, हे नुसत्या नजरेवर सोडू नका. त्याच नाण्यावरचं तेच अक्षर दुसरीकडे कुठे आलं असेल तर त्याच्याशी ताडून बघा.

कंबरलंड जॅकसाठी हे यंत्र खरंच कामी आलं. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आली, पण हॅनोव्हरच्या गादीवर स्त्रीला हक्क नव्हता म्हणून ती तिच्या काकाला, कंबरलंडच्या ड्यूकला, मिळाली. टोकनवर तो घोड्यावर बसून निघालाय, वर 'हॅनोव्हरकडे' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. चित्रात सॉव्हरिनवरच्या (ब्रिटिश सोन्याच्या नाण्यावरच्या), ड्रॅगन मारणाऱ्या सेंट जॉर्जची उघड नक्कल. पुढे कित्येक वर्षं ही निघत राहिली तरी बहुतेकांवर साल १८३७च. सोन्याचं नाणं म्हणून ती लोकांच्या गळ्यातही मारली गेली, आणि १८८३ च्या ब्रिटिश कायद्याने चालू नाण्यासारखी दिसणारी असली पदकं काढायला मनाई केली. म्हणजे सालावरून काही कळत नाही, डायवरूनच कळतं. घोड्याचा पुढचा खूर कोणत्या अक्षराकडे रोखलाय, ड्रॅगनचं शेपूट कुठे संपतं, १८३७ मधल्या ३ आणि ७ मध्ये किती जागा आहे, राणीच्या केसांचं टोक कोणत्या अक्षराखाली येतं, एवढ्या चार खुणा आधी दहा पटींच्या सराफी भिंगाने टिपून घ्या. फोटो नंतर.

हो, भिंग आधी. आठ महिन्यांनंतरही शोधायचं काम भिंगच करतं, मायक्रोस्कोप पुराव्यासाठी. हातात नाणं हलवत बघताना डोळ्याला जे चटकन कळतं, ते स्थिर चित्रात कळत नाही.

तुलनेची रीत अशी. दोन्ही फोटो गिम्पमध्ये (फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर) एकावर एक थर म्हणून टाका, वरचा थर अर्धा पारदर्शक करा. काठावरून जुळवू नका, कारण चकती (छापायचा कोरा धातूचा तुकडा) डायच्या मध्यावर बसलेली असेलच असं नाही. चित्रातल्या दोन लांबलांबच्या बिंदूंवर जुळवा, उदाहरणार्थ मुकुटाचं टोक आणि घोड्याचा मागचा खूर. मग वरचा थर चालू-बंद करत राहा. काहीच हललं नाही तर डाय एकच. एकच आकडा उडी मारत असेल तर तो पुन्हा ठोकलेला असू शकतो. सगळी अक्षरं थोडीथोडी सरकत असतील तर डाय वेगळा. आणि एकाच नगावरून नवा फरक जाहीर करू नका. तीच खूण दुसऱ्या नाण्यावर, त्याच जागी सापडेपर्यंत तो नुसता संशय.

मूरच्या मॉडेल पेनीवर मात्र यंत्र तोकडं पडतं. तांब्याच्या कड्यात पांढऱ्या धातूची टिकली असते. त्या काळची खरी तांब्याची पेनी जड आणि बोजड. किंमत मधल्या टिकलीत घातली तर नाणं लहान करता येईल, ही मूळ कल्पना. अडचण अशी, की दोन धातूंची चमक वेगळी. टिकली नीट दिसावी म्हणून उजेड कमी केला की कडं काळं पडतं. दोन फोटो वेगवेगळे काढून जोडावे लागतात. शिवाय टिकलीच्या सांध्यावरची रेघ डायचा तडा वाटते. सांधा गोलाईने जातो, तडा बहुधा अक्षरातून काठाकडे पळतो.

सरावाला सर्वात उत्तम नाणं आपल्या गावचंच: सयाजीरावांच्या काळातला तांब्याचा पैसा, खूर, तलवार आणि 'सरकार गायकवाड'. जाड आणि पातळ, दोन्ही चकत्यांवर सापडतो. म्हणून आधी वजन, मग डाय. संवताच्या आकड्यांची मांडणी बघायची. इसवी सनात बदलताना आपला चैत्री पाडवा डोक्यात ठेवू नका, गुजराती संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतो; ५६ वजा करा, त्या पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या दिवसांसाठी ५७.

आता तक्रारी. सोबतचा स्टँड म्हणजे थट्टा आहे, मान आपोआप खाली येते. यंत्रावरचं फोटोचं बटण दाबलं की चित्र हलतं, कीबोर्डवरून काढा. वायरवरचं उजेड कमी-जास्त करायचं चाक पाचव्या महिन्यात लुकलुकायला लागलं (एलईडी बंदच ठेवत असल्याने फार बिघडलं नाही). मोठा आकार निवडला तर चित्र फक्त ताणलं जातं, बारकावा वाढत नाही. आमच्या नगात ६४० बाय ४८० हाच खरा. पुढची प्लॅस्टिकची नळी जवळच्या फोकसला नाण्याला टेकते आणि मऊ पितळेवर चरा पाडते. नाण्याच्या उंचीपेक्षा जाड रबरी वॉशर भोवती ठेवा. मापासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असलेली स्टीलची पट्टी त्याच फोकसवर एकदा टिपून ठेवली की पुरे.

वजनकाटा ०.०१ ग्रॅमचा चालतो, पण अर्ध्या ग्रॅमच्या नाण्यावर एक घर म्हणजे दोन टक्के. पाच वेळा मोजा, पंखा बंद करून.

फोटो चांगला यावा म्हणून नाणं घासायचा मोह होतो. देवाची भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू, काहीही नको. डायवरच्या पॉलिशच्या बारीक रेघा आधी जातात, आणि त्याच तर डाय ओळखायच्या खुणा. तेलकटपणा काढायला शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब; नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात इतर बरंच काही असतं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलेल्या पितळेवर पावसाळ्यात हिरवा चिकट थर येतो. पुठ्ठा-मायलरची (मायलर म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ फिल्म) चौकट घ्या, स्टेपलच्या पिना चपट्या करा, डब्यात सिलिका जेल टाका. श्रावणात एकदा सगळ्या चौकटी उलटून कळंक बघा. आणि फोटो मायलरमधून काढू नका, त्यावरच्या बारीक सुरकुत्या हुबेहूब तड्यांसारख्या दिसतात.