कोलिमाचा लाल कुत्रा: प्रतिकृती घ्यायची तर आधी तोटीत डोकावा

पश्चिम मेक्सिकोतल्या कोलिमा भागातल्या प्राचीन थडग्यांमधला गुबगुबीत कुत्रा साच्यातली प्रतिकृती म्हणून आता सहज मिळतो. लांबून ठसठशीत दिसतो: आखूड पाय, सुटलेलं पोट, ताठ कान. गफलती कळतात त्या हातात घेतल्यावर.

मूळ मूर्ती साधारण इ.स.पू. 300 ते इ.स. 400 या काळातल्या. आतून पोकळ. वर लाल मातीचा पातळ लेप द्यायचा, तो पुरता वाळायच्या आत गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग भाजायचं. चकाकी येते ती घोटण्याने. प्रतिकृतीवर सरळ वार्निश मारलंय. मूर्ती उजेडात तिरकी धरा: घोटलेल्या अंगावर दगड फिरल्याचे बारीक पट्टे दिसतात, वार्निश सगळीकडे सारखं चमकतं आणि कानामागच्या खाचेत साचून काळपट होतं.

बऱ्याच मूळ कुत्र्यांना शेपटीशी किंवा डोक्यावर तोटी असते, थेट पोटात उघडणारी. प्रतिकृतीची तोटी आतून बुजलेली आहे. भट्टीत वाफ कोंडून मूर्ती फुटू नये म्हणून पोटाखाली वेगळं भोक पाडलंय. म्हणजे मूळचं भांडं इथे निव्वळ बाहुली झालं.

काळे डाग तर हसू आणणारे. खरे डाग शतकानुशतकं जमिनीतलं मँगनीज चढून पडतात, वेडेवाकडे, कुठेही. हे ब्रशचे ठिपके, एकाच मापाचे आणि फक्त पाठीवर.

सोबतची चिठ्ठी सांगते की हा कुत्रा आत्म्याला नदीपार नेतो. ही समजूत नोंदली गेली ती मध्य मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांची, 16व्या शतकात, म्हणजे हजारहून जास्त वर्षांनी. कोलिमातही ती असेल, पण पुरावा म्हणून ती पुरत नाही. बहुतेक मूर्ती चोरांनी उकरून काढल्या, त्यामुळे कोणती कोणाच्या उशाशी होती हेच हरवलं. हालिस्को राज्यात वित्सिलापा इथे 1993 मध्ये न लुटलेलं थडगं सापडलं, म्हणून त्याचं मोल मोठं: साडेसात मीटरहून खोल उभा बोळ, तळाशी दोन दालनं, प्रत्येकात तीन देह. त्यांच्या हाडांतले जन्मजात दोष जुळतात, म्हणजे ही बहुधा एकाच घराण्याची माणसं. चिठ्ठीत हे हवं होतं.

कोणी ‘अस्सल आहे’ म्हणून कानात कुजबुजलं तर निघा. मेक्सिकोच्या 1972 च्या कायद्याने अशा वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या आहेत. समोरचा माल बनावट तरी असतो, नाहीतर चोरीचा.

घरी शोभेला ठीक. फुलदाणी मात्र होणार नाही, तोटी बुजलेली आहे आणि पोटाखाली भोक आहे. उचलताना धडाला धरा. कान नंतर चिकटवलेले आहेत, आधी तेच निखळतात.