घरच्या घरी जर्मन शिकवणाऱ्यांसाठी : डॉइचे वेलेच्या ‘निकोस वेक’ या मोफत अभ्यासक्रमाचे परीक्षण

घरातल्या किंवा ओळखीतल्या माणसांना फावल्या वेळात जर्मन शिकवणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण असते ती ऐकवण्याची. व्याकरण समजावून सांगता येते, शब्द पाठ करून घेता येतात, वही तपासता येते. परंतु शिकणाऱ्याच्या कानावर पडणारा जर्मन आवाज एकच असतो आणि तोही पुण्यात जर्मन शिकलेल्या माणसाचा. परीक्षेच्या ध्वनिफितीत मात्र रेल्वे स्थानकावरची घोषणा असते, दुकानातली सूचना असते, कुणीतरी घाईघाईने ठेवलेला फोनवरचा निरोप असतो, आणि तेथे घरच्या शिक्षकाचा सवयीचा, सावकाश आवाज उपयोगी पडत नाही. डॉइचे वेलेचा ‘निकोस वेक’ हा अभ्यासक्रम मी गेली काही वर्षे घरच्या शिकवणीत वापरतो आहे आणि ही उणीव तो फार चांगली भरून काढतो, असे माझे मत आहे. एकट्याने शिकणाऱ्यासाठी तो तयार केलेला असला तरी शेजारी बसून शिकवणारे कुणी असेल तर त्याचा लाभ कितीतरी वाढतो, आणि तसे कुणी नसेल तर त्यातले बरेचसे वाया जाते.

डॉइचे वेले ही जर्मनीची, सार्वजनिक निधीवर चालणारी आंतरराष्ट्रीय प्रसारण संस्था आहे. ती 1953 मध्ये सुरू झाली आणि तिचे मुख्यालय बॉन येथे आहे. ‘निकोस वेक’मध्ये ए1, ए2 आणि बी1 असे (भाषाज्ञान मोजण्याच्या युरोपीय मोजपट्टीतील पहिले) तीन स्तर असून त्यासाठी कोणतेही शुल्क आकारले जात नाही. प्रत्येक स्तरात पाऊणशेच्या आसपास छोटे पाठ आहेत. पाठाच्या सुरुवातीला एक-दोन मिनिटांचा चित्रित प्रसंग, त्यानंतर त्यावरचे स्वाध्याय, शब्दसूची, व्याकरणाची टीप आणि प्रसंगाची लिखित संहिता, अशी साधारण रचना आहे. एकेका स्तरातील प्रसंग जोडून केलेला सलग चित्रपटही यूट्यूबवर पाहता येतो.

कथा साधी आहे. निको नावाचा स्पॅनिश तरुण विमानाने जर्मनीत येतो, त्याची बॅग हरवते आणि ज्या मावशीकडे तो निघालेला असतो तिच्यापर्यंत पोहोचणे त्याला अवघड होऊन बसते. लिझा, नीना आणि सेबास्टियान या तरुणांच्या सामायिक घरात त्याला आसरा मिळतो. पुढे सीरियातून आलेल्या झेल्मा या मुलीशी त्याची ओळख होते. पाठ्यपुस्तकातील संवादांत पात्रे बहुधा एकमेकांना वेळ विचारतात आणि निघून जातात. येथे पुढे काय होणार याची उत्सुकता राहते, आणि घरच्या शिकवणीत या उत्सुकतेला फार मोल आहे. फी नसलेली शिकवणी पाहुणे आले म्हणून, लाइट गेली म्हणून, कुणाला शिंका आल्या म्हणूनही सहज रद्द होते. ‘त्या मुलाची बॅग मिळाली का हो?’ असे शेजारच्या काकू जिन्यात विचारतात, तेव्हा पुढचा पाठ होणार याची खात्री पटते. या काकूंची मुलगी म्युनिकला असते आणि नातवंडांच्या शाळेत गेल्यावर दोन वाक्ये बोलता यावीत, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

प्रसंग लहान असणे हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत मोठा गुण होय. आम्ही तो प्रथम उपशीर्षकांशिवाय पाहतो. कोण कुणाला काय मागते आहे, एवढेच मी मराठीत विचारतो. दुसऱ्यांदा जर्मन उपशीर्षके लावतो, नंतर संहिता समोर ठेवून भूमिका वाटून घेतो आणि शेवटी संहिता बंद करून तोच प्रसंग आपल्या शब्दांत बोलतो. दोन मिनिटांच्या प्रसंगावर असा पाऊण तास सहज जातो. इंग्रजी उपशीर्षके मात्र मी कटाक्षाने टाळतो, कारण ती दिसू लागली की डोळे वाचत राहतात आणि कान ऐकायचे थांबतात.

अभ्यासक्रमात स्पष्टीकरणाची भाषा म्हणून इंग्रजी निवडता येते, मराठी येत नाही. घरच्या शिक्षकाला ही उणीव भरून काढण्यात सर्वाधिक समाधान मिळते, कारण मराठी माणसाला जर्मन व्याकरण इंग्रजीच्या वाटेने शिकवणे हा उगाचचा वळसा आहे. इंग्रजीत लिंगभेद नावालाच उरलेला आहे. मराठीत तिन्ही लिंगे नांदती आहेत. म्हणून ‘देर, दी, दास’ या तीन उपपदांची कल्पना आपल्याला परकी वाटत नाही. अडचण येते ती लिंगे जुळत नाहीत तेव्हा. आपले दार नपुंसकलिंगी आणि त्यांचे ‘दी ट्युअर’ स्त्रीलिंगी. आपली खिडकी स्त्रीलिंगी आणि त्यांचे ‘दास फेन्स्टर’ नपुंसकलिंगी. घरातल्या वस्तूंवर निळ्या, लाल आणि हिरव्या चिठ्ठ्या चिकटवण्याचा जुना उपाय अजूनही उत्तम चालतो, आणि पाठाच्या शब्दसूचीतून अशा चिठ्ठ्या पटकन तयार होतात.

संख्यांच्या पाठात हा फरक आणखी ठळक दिसतो. इंग्रजीच्या आधारे शिकणारे ‘आइन उंड त्स्वान्त्सिश’ येथे अडखळतात, कारण त्यात आधी एक येतो आणि मग वीस. आपणही एकवीस, बावीस, पंचवीस म्हणताना एकक आधीच उच्चारतो. केवळ एकोणतीस, एकोणचाळीस या घरात आपली पद्धत वेगळी पडते आणि तेथे थोडे थांबून सराव करावा लागतो. चतुर्थी विभक्तीचेही तसेच. ‘मीर इस्ट काल्ट’ या वाक्यातला ‘मीर’ म्हणजे ‘मला थंडी वाजते’ यातला ‘मला’, असे सांगितले की काम झाले. ‘मिट’ म्हणजे ‘बरोबर’ या अव्ययानंतर ‘देर ब्रूडर’चे ‘देम ब्रूडर’ का होते, असे काकूंनी विचारले तेव्हा मी उलट विचारले, ‘काकू, आपण “भाऊबरोबर” म्हणतो की “भावाबरोबर”?’ शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी आपले नाम सामान्यरूप घेते. जर्मनमध्ये बदलाचा मुख्य भार उपपदावर पडतो. अभ्यासक्रमातील व्याकरणाची टीप नेमकी आणि आटोपशीर असते, परंतु ही जोडणी तिच्यात असू शकत नाही. ती शिकवणाऱ्यानेच करून द्यायची असते.

‘दू’ आणि ‘झी’ यांचा भेद समजायला मराठी माणसाला तू आणि तुम्ही पुरेसे असले, तरी वापरताना गोंधळ होतो. माझ्या वहिनी मला ‘भाऊजी, तुम्ही’ म्हणतात आणि मीही त्यांना तुम्हीच म्हणतो. जर्मन कुटुंबात मात्र दीर-भावजयींनी एकमेकांना ‘दू’ म्हणणे हीच रीत आहे. सुरुवातीला वहिनींच्या तोंडून ते ‘दू’ काही केल्या निघेना, कारण त्यांना तो उद्धटपणा वाटे. सामायिक घरातील तरुण मंडळी एकमेकांशी कशी बोलतात आणि अनोळखी वडीलधाऱ्यांशी कशी बोलतात, हे एकापाठोपाठ एक प्रसंगांत पाहिल्यावर त्यांचा संकोच गेला. हे काम माझ्या स्पष्टीकरणाने झाले नव्हते.

आता मर्यादांकडे वळतो. स्वाध्याय बहुतांशी निवडण्याचे, ओढून जुळवण्याचे किंवा रिकाम्या जागा भरण्याचे आहेत. उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळते, तथापि शिकणाऱ्याने स्वतः रचलेले वाक्य तपासायला तेथे कुणी नाही. समोर चार पर्याय दिसले की अचूक ‘आइनेन’ (म्हणजे ‘आइन’ या उपपदाचे पुल्लिंगी कर्माबरोबरचे रूप) निवडणारी व्यक्ती बोलताना सगळीकडे ‘आइन’च वापरते, हा अनुभव घरी शिकवणाऱ्या प्रत्येकाला येईल. नुसते स्वाध्याय पूर्ण करून स्तर संपला असे मानणाऱ्याची त्यामुळे मोठी निराशा होऊ शकते.

ग्योटे संस्थेची, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्स म्युलर भवनाची, ए1 परीक्षा देणाऱ्यांना हे विशेष जाणवेल. वहिनींना जोडीदाराच्या व्हिसासाठी हेच प्रमाणपत्र हवे होते. (नवरा किंवा बायको ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य-परवान्यावर, असल्यास ही अट लागू होत नाही, दादाचा परवाना त्या प्रकारचा नव्हता.) या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी 100 पैकी 60 गुण लागतात. तोंडी परीक्षा गटात होते आणि तिचे तीन भाग असतात. आधी स्वतःची ओळख करून द्यायची, त्यातच एखादा शब्द अक्षरे सांगून उच्चारायचा आणि एखादा क्रमांक सांगायचा. मग शब्दाचे कार्ड उचलून त्यावरून शेजारच्या उमेदवाराला प्रश्न विचारायचा. शेवटी चित्राचे कार्ड पाहून काहीतरी विनंती करायची. ‘निकोस वेक’मधून यासाठी लागणारे शब्द आणि वाक्ये सगळी मिळतात, परंतु कार्ड हातात आल्यावर काही क्षणांत प्रश्न तयार करण्याचा सराव तेथे मिळत नाही.

तो आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची कार्डे कापून केला. एकावर ‘फ्र्युश्ट्युक’ म्हणजे न्याहारी लिहिले की ‘वास इस्ट दू त्सुम फ्र्युश्ट्युक?’ हा प्रश्न यायला हवा. पेनाचे चित्र निघाले की ‘गेबेन झी मीर बिटं आइनेन श्टिफ्ट’. स्वयंपाक चालू असतानाही ओट्याशेजारी कार्डांची चळत ठेवून हा सराव होत असे. लेखी परीक्षेतला पाच जागांचा अर्ज सोपा असतो, पण सुमारे 30 शब्दांच्या पत्रात दिलेले तिन्ही मुद्दे यावे लागतात, आणि तेथेही तपासणारे डोळे माणसाचेच हवेत. एका खासगी वर्गात वहिनींनी यापूर्वी नमुना पत्रांच्या झेरॉक्स प्रती पाठ केल्या होत्या. घरी बसून त्यांनी स्वतःची पत्रे लिहायला घेतली, तेव्हा त्या पाठांतराचा काहीही उपयोग नसल्याचे त्यांच्या लक्षात आले.

ए2 स्तराविषयी वेगळे सांगण्यासारखे थोडे आहे; ए1 ज्यांनी मन लावून केला त्यांना तो जड जात नाही. बी1मध्ये मात्र वाक्ये लांबतात, गौणवाक्यांची गर्दी होते आणि आठवड्यातून दोनदा भेटणाऱ्या घरगुती शिकवणीला तो वेग झेपत नाही. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते हे मराठी माणसाला सोपे वाटते, परंतु मुख्य वाक्यात ते दुसऱ्या स्थानी राहते आणि एकाच दमात दोन्ही सांभाळायचे असतात. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून ओळखीतल्या घरांतून ‘आमच्या मुलाला थोडे जर्मन शिकवाल का?’ अशी विचारणा वाढली आहे. अशा मुलांना मी ए2पर्यंत आनंदाने शिकवतो आणि त्यानंतर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात किंवा मॅक्स म्युलर भवनात रीतसर प्रवेश घ्यायला सांगतो. परिचारिकेच्या कामासाठी जर्मनीत मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी2 लागते आणि हा अभ्यासक्रम बी1लाच संपतो, याचीही त्यांना आधीच कल्पना द्यायला हवी.

ज्यांना जर्मन बऱ्यापैकी येते, परंतु शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण नाही, अशा आत्या, काका, दीर, मैत्रिणी यांनी घरच्या शिकवणीचा कणा म्हणून ‘निकोस वेक’ निःशंकपणे निवडावा. पुढे काय शिकवायचे हा रोजचा प्रश्न त्यामुळे सुटतो, तऱ्हेतऱ्हेचे आवाज ऐकायला मिळतात आणि आपला वेळ बोलून घेण्यासाठी मोकळा राहतो. स्वतः नुकताच ए1 संपवलेल्याने मात्र दुसऱ्याला शिकवण्यासाठी त्यावर विसंबू नये, कारण चुकीचे वाक्य ओळखण्याची जबाबदारी येथे पूर्णपणे शिकवणाऱ्याची आहे. बी1 पार केलेल्या भाच्यांना मी सध्या याच संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐकायला लावतो. ध्वनिफितीबरोबर संपूर्ण मजकूर दिलेला असल्यामुळे त्यातली चार-पाच वाक्ये श्रुतलेखन म्हणून घालता येतात आणि वही लगेच ताडून पाहता येते.