उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी : दोन वर्षांच्या अनुभवानंतरचे परीक्षण

आमच्या गावचे आरोग्य उपकेंद्र पूर्वी लसीकरणाच्या दिवशी हमखास उघडे दिसे. एरवी सिस्टर फिरतीवर गेल्या की दाराला कुलूप असे. आता तेथे ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी आहे आणि सकाळी एक समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. माझ्या आईला रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही असल्यामुळे गेली दोन वर्षे दर महिन्याला आमचे तेथे जाणे होते. हे परीक्षण त्या सेवेचे आहे, आणि ती ज्या प्रशिक्षणावर उभी आहे त्याचेही.

देशभर अशी दीड लाख केंद्रे उभारण्याची घोषणा २०१८ च्या अर्थसंकल्पात झाली. सपाट भागात सुमारे पाच हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात सुमारे तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते, तेथे बी. ए. एम. एस. किंवा बी. एस्सी. नर्सिंग झालेल्या उमेदवाराला सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम शिकवून समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमायचे, ही योजनेतील मुख्य कल्पना. आपल्या राज्यातील भरतीच्या जाहिरातींत प्रशिक्षणकाळात दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन आणि नेमणुकीनंतर २५,००० रुपये मानधन, शिवाय कामगिरीनुसार १५,००० रुपयांपर्यंत मोबदला, अशी विभागणी होती. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात, म्हणजे हे शिक्षण तुमच्याआमच्या करातून झालेले आहे. म्हणूनच एखाद्या दवाखान्याबद्दल लिहावे तितक्याच मोकळेपणाने याविषयी लिहिण्यास हरकत नसावी.

प्रथम जे उत्तम आहे ते सांगतो. आईचा रक्तदाब मोजण्यापूर्वी आमच्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम तिला पाच मिनिटे टेकून बसायला लावतात, पाय जमिनीवर टेकवायला आणि हात टेबलावर ठेवायला सांगतात, आणि आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजतात. तालुक्याच्या गावी पैसे मोजून दाखवलेल्या दवाखान्यात तिचा रक्तदाब जिना चढून आल्याआल्या, उभ्याउभ्याच घेतला गेला होता, त्यामुळे हा फरक माझ्या चांगलाच लक्षात राहिला. औषध सुरू करण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी घेतात. त्यांच्या चिठ्ठीप्रमाणे महिनाभराच्या अम्लोडिपिन (रक्तदाबासाठी) आणि मेटफॉर्मिनच्या (मधुमेहासाठी) गोळ्या मात्र उपकेंद्रातच मिळतात. एस. टी.चे भाडे आणि आईचा मोडणारा दिवस वाचतो, हा लाभ कागदावर किरकोळ दिसला तरी गोळ्या न चुकवण्यामागचे खरे कारण तोच आहे. गेल्या पावसाळ्यात आईच्या अंगठ्याजवळची लहानशी जखम मॅडमनी स्वतःहून पायमोजे काढायला लावून पाहिली आणि त्याच दिवशी चिठ्ठी देऊन वर पाठवले. ती जखम आमच्यापैकी कोणाच्याही नजरेस पडली नव्हती.

आता तक्रारी. पहिली मोबाइलची. कामगिरीचा मोबदला ठरावीक निर्देशांकांवर ठरत असल्याने तपासणीच्या निम्म्या वेळात मॅडमची नजर पडद्यावर असते. आशाताईंनी तीस वर्षांवरील प्रत्येकाचा फॉर्म भरून आणायचा, तो पुन्हा पोर्टलवर चढवायचा आणि रेंज गेली की सारे पहिल्यापासून. रुग्ण तोवर बाकावर ताटकळतो. ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवरून तज्ज्ञांशी बोलता येते हे खरे, पण आमच्याकडे दोनदा चित्र गोठले आणि उरलेला सल्ला साध्या फोनवर घ्यावा लागला. दुसरी तक्रार साठ्याची : उपकेंद्र पातळीवर १४ चाचण्या आणि शंभरावर औषधे मिळावीत असे धोरण सांगते, मात्र साखर तपासण्याच्या पट्ट्या दोन वर्षांत तीनदा संपल्या आणि एकदा तर सलग पाच आठवडे आल्या नाहीत.

तिसरी गोष्ट प्रशिक्षणाची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. आसामने ग्रामीण भागात उपचार करणाऱ्यांसाठी तीन वर्षांचा स्वतंत्र वैद्यकीय अभ्यासक्रम कायद्याने सुरू केला होता. तो कायदा अवैध ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम केला. मुळात पदवी असलेल्यांना सहा महिने शिकवणे ही त्यापेक्षा सोपी वाट आहे, आणि ती चुकीची आहे असे मला वाटत नाही. मात्र सहा महिन्यांनंतर काय, याचे उत्तर अपुरे आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे काम उभे केले, त्यात गावोगावच्या बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर, दर आठवड्याला केंद्रावर येत, गावातील अडलेली प्रकरणे मांडत आणि नवे शिकून परत जात. आमच्या मॅडमना मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की बैठका भरपूर होतात, पण त्यांत आकडे मागितले जातात, रुग्णाबद्दल बोलणे क्वचितच होते. मानसिक आजारांचाही उपकेंद्राच्या सेवांत समावेश आहे. पण शेजारच्या एका तरुणाची झोप उडून तो घुमा झाला तेव्हा काय विचारावे हे आपल्याला नीटसे सुचले नाही, असे त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितले. त्यात नेमणूक कंत्राटी, त्यामुळे हाताला वळण लागलेली व्यक्ती दुसरी नोकरी मिळताच निघून जाते आणि तिच्या शिक्षणावरचा खर्चही तिच्यासोबत जातो.

रक्तदाब-मधुमेहाच्या पाठपुराव्यासाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन, बाकी सर्व मिळून तीन. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, कारण दुपारनंतर मॅडम गृहभेटींना निघतात. आधीच्या सर्व चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे बरोबर ठेवा. साखर तपासायची असेल तर उपाशीपोटी निघण्यापूर्वी पट्ट्या आल्या आहेत का, हे आशाताईंना फोन करून विचारा.