राष्ट्रपती भवन टूर: गणतंत्र मंडपासाठी तरी जाच

दिल्लीला गेलात तर ही टूर चुकवू नका, ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, तिकीट फक्त 50 रुपये आणि खरं सांगते, एकट्या गणतंत्र मंडपातच (आधीचा दरबार हॉल) पैसे वसूल होतात. वर भलंमोठं झुंबर, समोर गुप्तकाळातली बुद्धमूर्ती, आणि इथेच 26 जानेवारी 1950 ला राजेंद्रबाबूंनी सरन्यायाधीश कानियांसमोर पहिले राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली, अंगावर काटाच आला माझ्या! नंतर हा सोहळा जुन्या संसद भवनाच्या सेंट्रल हॉलमध्ये होऊ लागला, प्रतिभाताईंचा 2007 ला तिथेच झाला.

जायच्या आधी संविधानातलं कलम 60, म्हणजे राष्ट्रपतींच्या शपथेचं कलम, वाचून जा प्लीज. मंत्री-खासदार संविधानाशी निष्ठा ठेवायची शपथ घेतात, पण राष्ट्रपती (आणि राज्यपालसुद्धा) थेट संविधानाचं आणि कायद्याचं रक्षण करायची घेतात, वर जनतेच्या सेवेचीही, आणि पुढच्याच कलमात राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाचं (पदावरून हटवण्याचं) कारण एकच दिलंय, संविधानाचा भंग. म्हणून मला ही शपथ देशातली सगळ्यात वजनदार वाटते, नुसता समारंभ नाहीये तो.

बाकी दालनं भराभर होतात, अशोक मंडपाचं रंगवलेलं छत मात्र निवांत बघा. नागरिकशास्त्र शिकणारी मुलं घरात असतील तर त्यांना नक्की न्या.