झेंडू, जास्वंद, चाफा : कोणत्या फुलाला कोणता कागद?

गौरी-गणपतीच्या आराशीसाठी यंदा हाताने कागदी फुले करायची, असे घरात ठरले की पहिला प्रश्न कागदाचाच येतो. पतंगी कागद, क्रेप कागद आणि जाड ड्रॉइंग पेपर किंवा कार्डशीट हे तीन पर्याय बहुतेक स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात. तिन्हींची फुले होतात. परंतु प्रत्येक कागदाचा स्वभाव इतका वेगळा आहे, की एकाच कागदातून सगळी फुले काढण्याचा आग्रह धरल्यास त्यातली निम्मी फसतात. 2018 साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यानंतर अनेक घरे कागदाकडे वळली. प्लॅस्टिकच्या फुलांपेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच कागद आणण्यापूर्वी दोन गोष्टी निश्चित कराव्यात : फूल पाहणाऱ्याच्या डोळ्यांपासून किती अंतरावर असणार आहे, आणि ते दीड दिवस टिकायला हवे, दहा दिवस, की पुढच्या वर्षापर्यंत.

पतंगी कागद अतिशय पातळ आणि हलका असतो, आणि त्याला झेंडूइतके शोभणारे दुसरे फूल नाही. सात-आठ तावांचे तुकडे एकावर एक ठेवून पंख्यासारख्या घड्या घालाव्यात, मध्यभागी दोऱ्याने आवळावे, टोके कात्रीने गोल किंवा कातरलेली करावीत आणि मग वरून एकेक पदर मध्याकडे उचलत जावे. पिवळ्या थरांमध्ये एखादा केशरी थर मिसळला, तर गोंड्याला खोली येते. हाताला सवय झाल्यावर एका फुलाला पाच-दहा मिनिटे पुरतात, त्यामुळे मखराच्या कमानीला किंवा दारावरच्या तोरणाला लागणारी पन्नास-साठ फुले दोन संध्याकाळींत होऊ शकतात. मर्यादा अशी, की पतंगी कागदाला दिलेला बाक टिकत नाही. गुलाबाची पाकळी वळवावी, तर थोड्या वेळात ती पुन्हा सरळ होते किंवा लोंबते. चार-पाच हातांवरून पाहायच्या राशीसाठी हा कागद उत्तम आहे. जवळून न्याहाळायच्या एकट्या फुलासाठी तो घेऊ नये.

क्रेप कागदाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या अंगावर बारीक समांतर सुरकुत्या असतात आणि त्यांना आडवे ताणले की कागद पसरतो. हा गुण एकदा बोटांना समजला, म्हणजे खऱ्या पाकळीचा फुगीरपणा कागदात उतरवता येतो. जास्वंदीचे उदाहरण घेऊ. पाकळी कापताना सुरकुत्या देठापासून टोकाकडे जातील अशीच धरावी, कारण खऱ्या पाकळीच्या शिराही तशाच धावतात. आडवी कापलेली पाकळी कितीही सुबक असली, तरी ती जास्वंदीची वाटत नाही. दोन्ही अंगठे पाकळीच्या पोटावर ठेवून हलकेच बाहेर ताणले की खोलगट वाटी तयार होते, आणि वरची कड चिमटीत धरून थोडी थोडी ओढली की ती झुळझुळीत होते. अशा पाच पाकळ्या, मधून बाहेर झेपावणारा लांब केसरदांडा, त्यावर पिवळे परागकण आणि टोकाशी पाच लाल ठिपके, एवढे जमले की पाहणारा क्षणभर हात पुढे करतो. परागांसाठी फेव्हिकॉल लावलेला दांडा रंगवलेल्या बारीक रव्यात बुडवतात. रव्याला हळद लावण्याचा मोह होतो, पण हळदीचा रंग उजेडात लवकर उडतो. पोस्टर कलर अधिक टिकतो.

क्रेपमध्येही दोन जाती आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी घेतला जाणारा घडीचा पातळ क्रेप स्वस्त आहे, पण जोराने ताणला की फाटतो आणि एकदा दिलेली वाटी फार काळ धरत नाही. 180 या क्रमांकाने ओळखला जाणारा जाड इटालियन क्रेप 50 सेंटिमीटर रुंद आणि अडीच मीटर लांबीच्या गुंडाळीत येतो, मूळ लांबीच्या दुपटीहून अधिक ताणला जातो आणि आकार धरून ठेवतो. तो महाग आहे आणि बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो, तरी गौरीच्या हातात द्यायच्या किंवा काचेच्या पेटीत ठेवायच्या पाच-सात फुलांसाठी तो खर्च योग्यच आहे. मात्र एका जास्वंदीला तासभर लागतो, म्हणून त्याचे तोरण करण्याचा विचार सोडून द्यावा.

कार्डशीट ताणता येत नाही, केवळ वळवता येते. त्यामुळे जाड, गुळगुळीत पाकळ्यांची फुलेच त्यातून साधतात, आणि त्यात पांढरा चाफा अग्रभागी आहे : पाच पाकळ्या, प्रत्येकीची एक कड शेजारणीखाली, कडा विणकामाच्या सुईवर किंचित वळवलेल्या, गळ्याशी कापसाने चोळलेला पिवळा खडू.

आता हवेचा विचार. पोर्तुगालमधील काम्पो मायोर या गावात लोक अख्ख्या गल्ल्या कागदी फुलांनी छतासारख्या झाकतात, आणि त्या उत्सवाला 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. पण तिथला उन्हाळ्याचा शेवट कोरडा असतो. आपला भाद्रपद दमट असतो. ओलाव्याने पातळ क्रेपच्या वाट्या सैल पडतात, पतंगी मऊ पडतो, आणि कार्डशीट सर्वांत कमी बिघडते. क्रेपचा रंगही पाण्याने सुटतो, विशेषतः लाल आणि जांभळा, म्हणून ओल्या दूर्वांजवळ किंवा शाडूच्या मूर्तीला टेकवून ही फुले ठेवू नयेत. कोपऱ्यावर ओला कापूस दाबून रंग किती उतरतो ते आधीच पाहावे. तिन्ही कागद पेटतात, पतंगी तर डोळ्यांदेखत भडकतो. समई, निरांजन आणि आरतीच्या ताटाच्या वाटेत एकही फूल येणार नाही, हे मखर उभे करण्यापूर्वी प्रत्यक्ष ताट ओवाळून तपासावे.

पहिल्यांदाच करणाऱ्याने कमानीला पतंगी झेंडू, मूर्तीच्या दोन्ही बाजूंना चाफ्याचे घोस आणि जवळून दिसणाऱ्या जागी दोन-तीन क्रेपच्या जास्वंदी, असा बेत ठेवावा. वेळ अगदीच कमी असेल, तर जास्वंद वगळावी. घाईत ताणलेला क्रेप फाटतोच. पुढच्या वर्षासाठी जपायची असल्यास पाकळ्या खळीने चिकटवू नयेत, कारण पिठाच्या वासाने कसर लागते. झेंडू पुन्हा मिटवून सपाट ठेवता येतात. जास्वंदी मात्र जुन्या खोक्याच्या तळाला भोके पाडून, देठ त्यात खोचून, उभ्याच ठेवाव्या लागतात.